बोटीच्या ट्रेलरचं बेअरिंग दर हंगामात का जातं?

तक्रार ठरलेली असते. नारळी पौर्णिमेनंतर ट्रेलर बाहेर काढला, चाकं घरघरत होती, म्हणून दोन्ही बाजूंची बेअरिंगं नवी टाकली, ग्रीस भरलं, आणि डिसेंबर उजाडायच्या आत तोच आवाज परत. मेकॅनिक म्हणतो माल डुप्लिकेट होता, दुकानदार म्हणतो बसवणाऱ्याने घोळ केला. पुन्हा नवी बेअरिंगं येतात आणि मार्चमध्ये पुन्हा चाक धरतं, बहुतेक वेळा बोट वर असताना आणि घाटात.

मालवण-देवबागपासून हर्णै-मुरुडपर्यंत चौदा ते अठरा फुटी फायबर बोटी ज्या ट्रेलरवर चढतात-उतरतात, त्यांतले बरेचसे गावातच वेल्डिंग करून घेतलेले आहेत. चॅनेलचा सांगाडा, भंगारातून आणलेल्या गाडीचा एक्सल, जीपचे किंवा मारुतीचे हब (चाक ज्यावर बोल्टने बसतं आणि ज्याच्या पोटात बेअरिंगं असतात तो भाग). असा ट्रेलर दुरुस्त करून वर्षानुवर्षं वापरता येतो, त्याला दुय्यम समजायचं कारण नाही. पण गाडीचा हब पाण्यात बुडवण्यासाठी बनवलेला नाही, आणि आपण तो हंगामात रोज बुडवतो. त्यामुळे नुसतं बेअरिंग बदलून हा प्रश्न सुटत नाही. पाणी कुठून शिरतं ते बंद करावं लागतं, आणि शिरलेलं पाणी पावसाळाभर आत बसू द्यायचं नसतं. यातली दुसरी गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात.

पाणी आत जातं कसं

पंधरा-वीस किलोमीटर ओढून आणलेला हब गरम असतो. उन्हाचा दिवस, थोडं जास्त वजन, की ६० अंश सेल्सिअसपर्यंत सहज जातो. समुद्राचं पाणी असतं २८ च्या आसपास. तो हब पाण्यात उतरला की आतली हवा थंड होऊन आकसते, आणि ६० वरून २८ म्हणजे जवळजवळ एक दशांश आकसते. आत तेवढा दाब कमी होतो. वरून अर्ध्या मीटर पाण्याचा दाब येतो तो वेगळा.

हबच्या मागच्या बाजूला ऑइल सील, म्हणजे एक्सलला घासून बसणारी रबरी रिंग असते. तिचा ओठ आतल्या ग्रीसला अडवण्यासाठी आत वळलेला असतो. आतून दाब आला तर तो एक्सलला घट्ट चिकटतो, बाहेरून आला तर उचलला जातो. म्हणजे हब स्वतःच पाणी ओढून घेतो आणि सील त्याला वाट करून देतं. एका वेळी चमचाभर खारं पाणी गेलं तरी ते बाहेर पडायला जागा नसते.

यावरून तीन गोष्टी ठरतात. हब गरम असताना बुडवायचा नाही, हबमध्ये हवा शिल्लक ठेवायची नाही, आणि सीलचा ओठ जिथे घासतो ती जागा आरशासारखी गुळगुळीत हवी.

नवीन टाकण्याआधी जुनं नीट बघा

जॅक लावा, एक्सलखाली घोडा (लोखंडी टेकू) द्या. चाक वरून आणि खालून धरून हलवा. अगदी बारीक टक जाणवली तर चालते, चाक डुलत असेल तर ढिलाई जास्त आहे. मग एक हात पाट्यांवर (एक्सलवरच्या पट्टीच्या स्प्रिंगवर) ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. कानाला ऐकू येण्याआधी खराब बेअरिंगची थरथर पाट्यांवरच्या हाताला कळते.

रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं असेल तर मागचं सील गेलंय. बाहेरच्या बाजूला असेल तर हबच्या तोंडावरची पुढची टोपी सैल आहे.

हब उघडल्यावर लगेच रॉकेलने धुवायला घेऊ नका. आधी ग्रीस बोटावर घ्या. दुधी किंवा फिकट करडं झालेलं ग्रीस म्हणजे पाणी मिसळलंय. लालसर तपकिरी म्हणजे ते पाणी बरेच दिवस आत होतं आणि गंज धरलाय. काळं आणि जळका वास येणारं म्हणजे नट जास्त आवळला होता किंवा ग्रीस संपलं होतं. उन्हात धरल्यावर चांदीसारखी चमचम दिसली तर पोलाद झिजून त्यात उतरतंय. दोन बोटांत चोळताना कचकच लागली तर वाळू, आणि वाळू आली म्हणजे सीलचा ओठ कापला गेलाय हे नक्की.

आता धुवा आणि भिंगाखाली बघा. टेपर बेअरिंगचे दोन भाग: हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची रिंग म्हणजे कप, आणि रोलर-जाळीसकट एक्सलवर सरकणारा आतला भाग म्हणजे कोन. कपच्या आतल्या चकाकत्या पट्ट्यावर खुणा उमटलेल्या असतात.

कोकणातल्या ट्रेलरमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी खूण अशी: पट्ट्यावर आडव्या काळपट रेघा, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. कोन परत त्यात बसवून पाहा, रेघांमधलं अंतर रोलरांमधल्या अंतराशी तंतोतंत जुळतं. बोटाच्या नखाला रेघ लागते. ट्रेलर एका जागी उभा होता, प्रत्येक रोलरच्या टेकण्याच्या जागी पाण्याची बारीक रेषा धरून राहिली आणि तिथे पोलाद खाल्लं गेलं. हे बेअरिंग रस्त्यावर खराब झालेलं नाही, जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंगणात उभं असताना झालंय. हंगाम सुरू झाल्यावर रोलर त्या खड्ड्यांवरून उड्या मारत जातात, कडा तुटतात, साल निघायला लागते, आणि आठवड्याभरात घरघर सुरू होते.

रेघा चकचकीत असतील आणि गंज नसेल तर कारण वेगळं. उभ्या ट्रेलरला बराच काळ हादरे बसले असतील, उदाहरणार्थ ट्रकवर लादून लांबून आणला असेल तर, किंवा चाक जोरात खड्ड्यात आदळलं असेल.

पट्टा कपच्या एकाच बाजूला घासलेला असेल तर कप तिरका बसलाय किंवा एक्सलचं टोक वाकलंय. निळसर-तपकिरी रंग चढला असेल तर ते खूप तापलं होतं, त्याचा कडकपणा गेला, टाकून द्या. रोलरांच्या जाड टोकांवर आणि ते जिथे टेकतात त्या काठावर ओरखडे असतील तर बहुतेक वेळा नट अति आवळलेला असतो.

एक तपासणी हमखास राहते: कप हबमध्ये सैल फिरतो का. फिरत असेल तर हब गेला. सेंटर पंचाने खुणा मारून किंवा वेल्डिंगचा टाका देऊन तो कप धरवण्याचा उद्योग करू नका. तो तिरका बसतो आणि नवं बेअरिंग महिन्यात खातो.

मूळ दुखणं: सीलखालची जागा

लोक सील बदलतात आणि सील जिथे घासतं ती जागा बघत नाहीत. एक्सलच्या त्या गोल भागावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ओठही तिथे टेकत नाही, कितीही भारी सील आणा. खाऱ्या पाण्यात काढलेल्या जुन्या एक्सलवर इथे पुरळ उठल्यासारखे खड्डे असतातच.

बारीक डाग असतील तर ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घ्या, पण पेपर गोलाकार फिरवा. लांबीच्या दिशेने घासलं तर प्रत्येक ओरखडा पाण्याला आत जायची नाली होते.

खड्डे असतील तर स्टेनलेसची पातळ बाही बसवायची. बेअरिंग-सीलच्या मोठ्या दुकानात ‘स्लीव्ह’ म्हणून मिळते. जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे सीलचा साइज बदलावा लागत नाही. व्यास मात्र व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा, जिथे सील घासत नाही अशा शाबूत जागी. खड्ड्यांत दोन भागांचं मेटल इपॉक्सी भरा, ओलं असतानाच बाही सरकवा, तिच्यासोबत येणाऱ्या टोपीने सरळ ठोका. नेमक्या मापाची बाही मिळत नसेल तर लेथवाल्याकडून स्टेनलेसची दोन-तीन मिलिमीटर जाडीची रिंग करून घ्या आणि तिच्या बाहेरच्या मापाचं सील घ्या. रिंगचा पृष्ठभाग पॉलिश हवा, लेथच्या चुडी दिसता कामा नयेत.

हबच्या खोबणीत जागा असेल तर आणखी एक उपाय आहे: सील दोन-तीन मिलिमीटर कमी आत बसवायचं, म्हणजे ओठ एक्सलच्या ताज्या भागावर येतो. खड्डे अरुंद पट्ट्यातच असतील तर हे काम फुकटात होतं. हब चढवून फिरवून बघा, सील मागे कुठे घासत नाही ना.

माल घेताना

बेअरिंगचा नंबर कपवर आणि कोनवर कोरलेला असतो, तोच मागा. ‘मारुतीचं द्या’, ‘जीपचं द्या’ यावर जाऊ नका, कारण घरगुती ट्रेलरवर आधीच्या माणसाने काय बसवलंय ते माहीत नसतं. नंबर गंजून पुसला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि एकूण रुंदी मोजा. ३०२०५ म्हणजे २५, ५२ आणि १६.२५ मिलिमीटर, ३०२०६ म्हणजे ३०, ६२ आणि १७.२५. परदेशातून आलेल्या जेट-स्कीच्या छोट्या ट्रेलरवर इंची बेअरिंगं असतात. तिथे एल ४४६४९ कोन आणि एल ४४६१० कप ही जोडी बऱ्याचदा सापडते, भोक २६.९९ मिलिमीटर. दिसायला जवळचं असलेलं २७ चं काहीतरी त्यावर चढवू नका.

कप आणि कोन नेहमी जोडीने बदलायचे. ‘कप काढायला त्रास होतो, कोनच बदला’ असा सल्ला मिळेल, ऐकू नका. जुन्या कपवरच्या रेघा नव्या रोलरांना पहिल्या दिवसापासून कुरतडतात. आणि नावाजलेल्या कंपनीच्या बेअरिंगची नक्कल बाजारात सर्रास मिळते. छपाई पुसट, डब्याला वास वेगळा, किंमत निम्मी, असं दिसलं की अधिकृत विक्रेत्याकडे जा.

सील दोन ओठांचं घ्या. एक ओठ ग्रीस धरतो, दुसरा बाहेरची वाळू-पाणी अडवतो. ओठामागची बारीक गोल स्प्रिंग स्टेनलेसची मागा. साधी असेल तर खाऱ्या पाण्यात वर्षभरात तुटते आणि सील वरून धडधाकट दिसत असूनही सैल पडतं. बाहेरचं कवच उघड्या पत्र्याचं असण्यापेक्षा रबर चढवलेलं चांगलं, हबच्या गंजलेल्या खोबणीत ते फट राहू देत नाही.

ग्रीस मात्र नीट निवडा. गॅरेजमधलं नेहमीचं लिथियम ग्रीस गाडीसाठी उत्तम आहे, पण खारं पाणी मिसळलं की ते पातळ होतं आणि गंज रोखत नाही. कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स जातीचं, एनएलजीआय २ नंबरचं (हा घट्टपणाचा नंबर) ग्रीस घ्या. किंमत जास्त आहे, पण अर्ध्या किलोचा डबा दोन छोट्या हबना पुरून उरतो. जुन्या ग्रीसमध्ये नवं मिसळू नका. दोन वेगळ्या साबणांची (साबण म्हणजे तेलाला घट्ट करणारा घटक) ग्रीसं एकत्र आली की काही वेळा पाण्यासारखी वाहून जातात. हब आधी डिझेलने किंवा रॉकेलने पूर्ण धुवा, सुकवा, मग भरा. धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका. कोरडे रोलर तिथेच ओरखडतात, आणि जाळी तुटली तर तोंडावर उडते.

बसवणं

कप काढायला हबच्या आत दोन खाचा असतात. पितळी किंवा तांब्याची सळी त्यांतून घालून आळीपाळीने दोन्ही बाजूंना ठोका. नवा कप बसवताना जुना कप घासून किंचित लहान करा आणि तोच ठोकणी म्हणून वापरा. कप तळाला टेकला की हातोडीचा आवाज बदलतो, बद्दचा ठणठणीत होतो. तो आवाज येईपर्यंत थांबू नका, आणि आल्यावर आणखी ठोकू नका. तळाला टेकला नसेल तर पहिल्या दहा किलोमीटरमध्ये तो सरकतो आणि चाक डुलायला लागतं.

कोनमध्ये ग्रीस हाताने भरायचं. तळहातावर गोळा घ्या, कोनची जाड बाजू त्यावर दाबत ओढा, बारीक बाजूने रोलरांमधून ग्रीसच्या शेवया बाहेर येईपर्यंत. मग थोडा फिरवून पुढचा भाग. नुसतं बाहेरून चोपडलेलं ग्रीस आत पोचत नाही.

आतला कोन ठेवा, सीलच्या ओठांना ग्रीस लावा, सीलवर सपाट फळी किंवा पट्टी ठेवून एकसारखं ठोका. हब सरळ धरून एक्सलवर चढवा. ओठ एक्सलच्या टोकावरच्या चुडीवर (नटाच्या आट्यांवर) घासला की चिरतो, त्यामुळे चुडीवर आधी टेपचा एक वेढा द्या आणि हब चढल्यावर तो काढून घ्या. बाहेरचा कोन, मग जिभेचा वॉशर, मग नट. वॉशरची जीभ एक्सलच्या खाचेत बसलीच पाहिजे. ती नसेल किंवा झिजली असेल तर फिरणारा कोन नटाला सोबत घेऊन सैल करतो, आणि जोर नट अडवणाऱ्या एकट्या स्प्लिट पिनवर येतो.

आता आवळणं. हब हाताने फिरवत फिरवत नट ६८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. टॉर्क पाना नसेल तर ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे २३ किलोचा जोर. यामुळे कोन-कप नीट टेकतात आणि मधलं जास्तीचं ग्रीस बाहेर सरकतं. मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करा आणि फक्त बोटांनी टेकेपर्यंत परत फिरवा. पिनची भोकं जुळत नसतील तर नट पुढे आवळायचा नाही, मागच्या खाचेवर घ्यायचा. हबला आत-बाहेर ०.०२५ ते ०.२५ मिलिमीटर हालचाल हवी. ‘थोडा टाइट ठेवला तर डुलणार नाही’ या समजुतीने जितके हब जळतात तितके सैल नटाने जळत नाहीत. गरम झाल्यावर पोलाद फुगतं, त्याला जागा लागते.

स्प्लिट पिन नवी आणि स्टेनलेसची. जुनी सरळ करून परत घालू नका.

पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबा, दोन्ही हबना हाताची मागची बाजू लावा. दोन्ही सारखे कोमट असतील तर ठीक. एक कोमट आणि दुसऱ्याला हात टेकवत नसेल तर तिथेच उघडा, पुढे जाऊ नका. तापमान किती यापेक्षा दोन बाजूंतला फरक जास्त सांगून जातो. शंभर किलोमीटरनंतर ढिलाई पुन्हा तपासा.

हबमध्ये हवा ठेवू नका

गाडीच्या हबमध्ये मोकळी जागा तिसरा हिस्सा ते अर्धी भरतात, जास्त भरलं तर तापतं म्हणून. बोटीच्या ट्रेलरचा हिशोब उलटा. इथे हब पूर्ण भरायचा. हवाच नसेल तर आकसायला काही उरत नाही. ताशी ५०-६० किलोमीटरच्या वेगात पूर्ण भरलेला हब थोडा जास्त कोमट लागतो, पण तो त्रास पाण्याच्या मानाने काहीच नाही.

साध्या टोपीऐवजी स्प्रिंगची टोपी बसवणं ही या ट्रेलरवरची सगळ्यात उपयोगी सुधारणा. तिच्यात ग्रीस निपल असतो आणि स्प्रिंगवर सरकणारी एक प्लेट. ग्रीस भरल्यावर प्लेट बाहेर सरकते आणि स्प्रिंग आतल्या ग्रीसवर सुमारे ३ पीएसआय दाब ठेवते. हब थंड पाण्यात गेला तरी आत पोकळी न होता ग्रीसच पुढे ढकललं जातं. टोपीचा व्यास हबच्या तोंडाला घट्ट हवा. भंगारातला हब असेल तर लेथवाल्याकडून तोंडाला अडॅप्टर रिंग करून घ्या. लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवून ठोका, हातोडी थेट मारली तर कड वाकते.

ग्रीस गनचे झटके मोजून-थांबून द्या. प्लेट सुमारे ३ मिलिमीटर बाहेर आली की बस. त्यानंतरही गन चालवली तर जाणारा दाब मागचं सील उलथून टाकतो, आणि ज्या सीलसाठी सगळा खटाटोप केला तेच गमावून बसता. प्लेटची कड अंगठ्याने दाबा, हलली तर आत पुरेसं ग्रीस आहे. हंगामात आठवड्यातून एकदा एवढं बघितलं तरी पुरतं.

या टोपीची एक मर्यादा लक्षात ठेवा. ग्रीस पुढून जातं, त्यामुळे आतल्या बेअरिंगपर्यंत ताजं ग्रीस जवळजवळ पोचतच नाही. टोपी आहे म्हणून हब उघडायचं टाळता येत नाही. नवा एक्सलच करून घेत असाल तर टोकातून मागच्या सीलजवळ निघणारं भोक पाडलेला स्टब (एक्सलचं टोक) घ्या. त्यात ग्रीस आधी आतल्या बेअरिंगला मिळतं आणि जुनं पुढून बाहेर पडतं. भरताना चाक फिरवत राहायचं.

छोटं चाक, जास्त फेऱ्या

रिक्षाची ४.००-८ ची चाकं स्वस्तात मिळतात म्हणून लावली जातात. त्यांचा घेर साधारण १.२८ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला मिनिटाला सुमारे ७८० फेरे. मारुती ८०० चं १४५/७० आर १२ लावलं तर घेर १.६ मीटरच्या आसपास आणि फेरे ६२५. बेअरिंग तेवढं कमी तापतं आणि खड्डाही कमी लागतो. या टायरवर लोड इंडेक्स ६९ असेल तर एका चाकाची क्षमता ३२५ किलो. मारुतीच्या रिमचे चार बोल्ट ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, हबचं माप तेच आहे का पाहा. मोठ्या चाकाने बोटही तितकीच उंच जाते, त्यामुळे हब बुडण्याचा प्रश्न तिथेच राहतो, फायदा फक्त फेऱ्यांचा.

वजन अंदाजाने ठरवू नका. बोट, आउटबोर्ड, पेट्रोलची टाकी, नांगर-दोर, जॅकेटं, आणि बोटीच्या तळात साचलेलं पाणी. शंभर लिटर पाणी म्हणजे सरळ शंभर किलो. एकदा वजनकाट्यावर नेऊन डावं-उजवं चाक वेगवेगळं मोजा. एका बाजूला पन्नास-साठ किलो जास्त भरले आणि नेमकं त्याच बाजूचं बेअरिंग दरवर्षी जात असेल तर बोट फळ्यांवर तिरकी बसते आहे.

रॅम्पवर

पाण्याजवळ पोचल्यावर वीस मिनिटं थांबा. दोर सोडणं, इंजिन बघणं, सामान चढवणं याच वेळेत होतं. हब लवकर थंड व्हावा म्हणून बादलीने पाणी ओतू नका, त्यानेही हब तसंच पाणी ओढतो.

त्याहून चांगलं म्हणजे हब बुडवायचाच नाही. फळ्यांवर टेकणारी बोट सोडण्यासाठी ती तरंगेपर्यंत ट्रेलर पाण्यात घालावा लागतो. मधोमध कण्याखाली रबरी रोलर आणि पुढे हाताची विंच बसवली तर छोटी बोट रोलरवरून घरंगळत जाते आणि चाकं घोट्याभर पाण्यात राहतात. भरतीची वेळ साधली तर आणखी सोपं. ओहोटीला रॅम्प संपून चाकं वाळूत रुततात, आणि वाळू-पाण्याचा तो काला सीलच्या ओठाला सगळ्यात वाईट.

बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर सरळ मारू नका. पवना-मुळशीच्या गोड्या पाण्यात ट्रेलर घालणाऱ्यांना गंज कमी छळतो, पण हब तिथेही तसाच पाणी ओढतो.

पावसाळा

हब काढून घरात ठेवा. एक टोपी, एक पिन, एक नट, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्या रोलर-रेघांवर याहून खात्रीचा उपाय नाही. ट्रेलर ठोकळ्यांवर घ्या, हब काढा, धुवा, सगळं वाळवा, कोन ताज्या ग्रीसने भरून तेलकट कागदात गुंडाळा, सीलची जोडी पुढच्या हंगामासाठी नवी आणून ठेवा. एक्सलच्या टोकांना जाड ग्रीस लावून कापड गुंडाळा. प्लास्टिक घट्ट बांधू नका, आत दमटपणा साठतो.

हब काढणं शक्यच नसेल तर निदान जूनआधी उघडून ग्रीस बदला, चाकं जमिनीवरून उचलून ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा दहा-बारा फेरे फिरवा. दर वेळी चाक वेगळ्या जागी थांबवा.

सांगाडा आणि दिवे

सांगाडा हॉट डिप गॅल्वनाइझ करून घेणार असाल तर बेअरिंगच्या दृष्टीने एक काळजी. एक्सलची टोकं जस्तात बुडू देऊ नका, बेअरिंगच्या जागेवर थर चढतो आणि कोन बसत नाही. एक्सल वेगळा काढणं उत्तम. चौकोनी पाइपांना दोन्ही टोकांना भोकं पाडलेली हवीत. बंद पाइप साडेचारशे अंशांच्या जस्तात फुटू शकतो, आणि पुढे तीच भोकं खारं पाणी बाहेर काढतात. पाट्यांच्या थरांमध्ये गंज फुगलेला असेल तर पाटे सोडवून घासून घ्या, यू बोल्ट नवे.

दिवे वारंवार जात असतील तर आधी अर्थिंग बघा. हुकातून येणारी अर्थ गंजाने तुटते. प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थ वायर ओढा, सीलबंद एलईडी लावा आणि पाण्यात उतरण्याआधी प्लग काढा.

गाडीत सोबत

ग्रीस भरलेला, बेअरिंगं आणि सील बसवलेला एक पूर्ण हब पिशवीत बंद करून ठेवा. बरोबर नट, जिभेचा वॉशर, दोन-तीन स्प्लिट पिना, जॅक आणि जॅकखाली घालायला फळी. हायवेवर बेअरिंग धरलं तर कोन अनेकदा एक्सलवर चिकटून बसतो. तो छिन्नीने तिरका फोडून काढावा लागतो, म्हणून हातोडी-छिन्नीही घ्या. काढल्यावर एक्सलची बैठक नखाने तपासा. पायरी लागली नाही तरच नवा हब चढवा. लागली तर बोट दुसऱ्या ट्रेलरवर घ्या, तो एक्सल रस्त्यावर चालवण्याच्या लायकीचा राहिलेला नाही.